जिभेवर आलेला केक

तिला सगळे रेडिओमावशी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट एखादीनं नुसतंच 'मावशी' म्हटलं, तर आज हिचं आपल्याशी काही बिनसलंय की काय, अशी शंका तिला यायची.

तिचं पार्लर कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. चौदा पायऱ्या चढून गेलं की दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, केस धुवायचं बेसिन आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. खिडकीतून बसथांबा दिसायचा, औषधाचं दुकान दिसायचं आणि चर्चचं फाटकही दिसायचं. म्हणजे गावात कोण आलं, कोण आजारी पडलं आणि कोण उपासनेला उशिरा पोचलं, हे हातातली कात्री खाली न ठेवता कळायचं. उरलेलं बायका येऊन सांगायच्या. मान मागे टाकून कोमट पाण्याची धार टाळूवर घेतली की भलीभली बाई पोटातलं सगळं बोलून मोकळी होते, हे मावशीला तीस वर्षांत पक्कं समजलं होतं.

आणि सांगायची तरी काय हातोटी! कुणाकडे नवीन पडदे आले एवढीच बातमी असली, तरी ती अशी रंगवायची की ऐकणारीला तो पडदा सरकताना दिसावा. नेमक्या जागी थांबायची, कंगवा हवेत धरायची, आरशातून समोरचीच्या डोळ्यांत बघायची आणि शेवटचं वाक्य अगदी हळू सोडायची. त्या क्षणी खुर्चीतल्या बाईचा चेहरा जो काही फुलायचा, त्यासाठी मावशी जीव टाकायची. कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नसायचं. फक्त गोष्ट तिच्या तोंडात राहायची नाही, एवढंच.

या एवढ्यापायीच तिची लेक दुरावली होती. लेक दोन तासांवरच्या शहरात एका कचेरीत होती. मागच्या वर्षी तिनं फोनवर आईला विश्वासानं सांगितलं, की दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केलाय, अजून कुणाला बोलू नकोस. मावशीनं एकीलाच सांगितलं. ती एक नेमकी लेकीच्या साहेबांची मावसबहीण निघाली. नवी नोकरी मिळाली नाही, जुन्या ठिकाणी सहा महिने टोमणे खावे लागले. लेक भांडली नाही, रडली नाही. तिचे फोन पूर्वीसारखेच दर शुक्रवारी येत राहिले, पण त्यांत आता फक्त हवामान असायचं. "इकडे ढग आलेत, आई. तिकडे कसं आहे?" मावशी तिकडचं सांगायची आणि फोन संपायचा.

त्यानंतरच्याच एका रविवारी पाळकसाहेबांचा चष्मा हरवला. तो तसा दर रविवारी हरवायचा, पण त्या दिवशी सापडलाच नाही. त्यामुळे लिहून आणलेले कागद बाजूला ठेवून ते मनानंच बोलायला लागले.

"मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले, "तेव्हा आईनं वर्षभरासाठी ठेवलेली मधाची बरणी मी एका दुपारी संपवली. दुपार फार सुंदर गेली."

लोक हसले. पाळकसाहेबही हसले. मग म्हणाले, "देवानं आपल्या हातात काही टिकणाऱ्या गोष्टी ठेवल्यात. त्याच्यावरचा आपला विश्वास, आणि माणसांचा आपल्यावरचा. त्या आपण कशाच्या बदल्यात देऊन टाकतो, ते एकदा घरी जाऊन बघा. बहुतेक वेळा एका दुपारच्याच बदल्यात देतो."

मावशीला घरी जायची गरज पडली नाही. तिला तिथंच, तिसऱ्या बाकावर, ती दुपार आठवली. साहेबांच्या मावसबहिणीच्या केसांना मेंदी लावताना कंगवा हवेत धरलेला, ती बाई "काय सांगता!" म्हणून अर्धी उठलेली, आणि आपल्याला झालेला तो आनंद. किती वेळ टिकला असेल? मेंदी सुकेपर्यंतसुद्धा नाही.

तिनं डोळे मिटले. 'प्रभू, आजपासून दुसऱ्या कुणाची बातमी माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. बरी नाही, वाईट नाही. मला हे जमणार नाही हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा तूच काय ते बघ.'

दुपारी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा आणि दिवसाला मोजकीच वाक्यं बोलायचा.

"म्हणजे स्टेशन बंद?" त्यानं विचारलं.

"बंद."

तो बराच वेळ चावत राहिला. "गाणी तरी लागतील का?"

गाणीच लागली. मंगळवारपासून मावशी केस कापताना चर्चमधली गीतं गुणगुणायला लागली. बायका आधी चकित झाल्या, मग कंटाळल्या. एकीनं सरळ विचारलं, "मावशी, बरं नाहीये का?" दुसरीनं खूप आशेनं सुरुवात करून दिली, "ते कोपऱ्यावरच्या घरातले म्हणे..." आणि मावशीनं "तुमच्या केसांना फाटे फुटलेत हं," असं म्हणत विषय तिथंच कापला. सगळ्यात अवघड जायचं ते अंबाडा घालताना, कारण तेव्हा खुर्चीतली बाई हलू शकत नाही, म्हणजे ऐकायला अगदी तयार. त्यावर तिनं उपाय शोधला. केसांत खोचायच्या आकड्यांचा अख्खा झुबका तोंडात धरायचा. तोंडात वीस आकडे असले की माणूस "हं" आणि "उंहूं" एवढंच म्हणू शकतो.

असे दहा दिवस निघाले. अकराव्या दिवशी, बुधवारी, चर्चच्या महिला मंडळाची बैठक झाली.

येत्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन होता. उपासनेनंतर हॉलमध्ये चहापान ठरलं होतं. कामं वाटायला 'मोठ्या बाई' बसल्या होत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त, पण अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले असल्यामुळे त्यांच्यासमोर आजोबा झालेली माणसंही शर्टाची वरची गुंडी लावत. चहापानाला त्यांचा केक दरवर्षी यायचा. संत्र्याचा, वरून सालीच्या बारीक कात्रणांची चंद्रकोर काढलेला, आणि कडेला एका बाजूनं किंचित करपलेला. त्या केकसाठी लोक उपासनेत शेवटचं गीत जरा भरभर म्हणायचे. बाई त्याची कृती कुणाला देत नसत.

"पाहुण्यांचं स्वागत मी करते," मावशी बैठकीत म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "नको. तुम्हाला दारात उभं केलं, तर पाहुणे हॉलमध्ये पोचायच्या आधी त्यांची माहिती गावभर पोचेल."

सगळ्या हसल्या. औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे औषधवाल्या वहिनी म्हणत, त्या तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मावशीही हसली, पण तिचे कान तापले. दहा दिवस जीभ चावून काढले होते तिनं! आणि हे सांगणार तरी कुणाला? 'मी आता गप्प असते' असं ओरडून सांगता येत नाही. तिच्या वाट्याला कपबशा विसळणं आलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी ती कात्र्यांना धार लावून आणायला शेजारच्या गावी गेली. धार लावणाऱ्यानं तासाभरानं या म्हटलं, म्हणून समोरच्या बेकरीत चहा प्यायला बसली. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनीच कप ठेवून गेला. मावशीनं सवयीनं चौफेर नजर फिरवली, आणि ती एका ठिकाणी अडकून बसली.

काउंटरच्या मागच्या फळीवर एक निळा पत्र्याचा डबा होता. झाकणावर शिडाचं जहाज, आणि जहाजाच्या शिडावर एक पोचा. तो डबा तिनं कितीतरी चहापानांत विसळला होता. डब्याशेजारी कागदावर संत्र्याचा केक निवत ठेवला होता, वर चंद्रकोर.

"हा केक मिळेल का?" मावशीचा आवाज तिच्याच कानांना परका वाटत होता.

"हा नाही हो, ऑर्डरचा आहे. नमुन्याचा आहे, खरा रविवारी सकाळी करायचा," बेकरीवाला म्हणाला. "एक शिक्षिकाबाई आहेत, दरवर्षी डबा आधी आणून देतात. आणि गंमत सांगू? एका बाजूनं जरा करपवा म्हणतात. मी म्हटलं, बाई, माझी अब्रू जाईल. तर म्हणतात, करपवा, म्हणजे घरचा वाटतो."

मावशीनं चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली, पण तिला कळलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिच्या आत जणू बँड वाजायला लागला. तीस वर्षांत इतकी सुरेख बातमी तिच्या हाती लागली नव्हती. तिला काही घालायची, काढायची गरज नव्हती. करपवा म्हणजे घरचा वाटतो! हे वाक्य तर देवानंच पाठवल्यासारखं होतं. पण देवाचं नाव मनात आलं आणि ती जरा सावरून बसली. 'नाही, तुझं नाव यात नको घ्यायला,' ती मनात म्हणाली. 'पण प्रभू, बुधवारी त्या मला काय बोलल्या ते तू ऐकलंस ना? सगळ्यांसमोर? मग एकदा, फक्त एकीला?'

उत्तर काही आलं नाही. शेजारच्या सीटवरचा माणूस मात्र जरा सरकून बसला, कारण ती ओठ हलवत होती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्यासमोर बसून सांगितलं, "मला एक गोष्ट कळलीय."

"बरं."

"फार मोठी आहे."

"बरं."

"विचारू नका."

"नाही विचारत," तो म्हणाला आणि पेपर उलटला. मावशीला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. निदान एकदा तरी आग्रह करायचा माणसानं!

शुक्रवारी तिनं आकड्यांचा झुबका तोंडातून काढलाच नाही. शनिवारी मात्र ते शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या चहापानासाठी अख्खं महिला मंडळ केस करून घ्यायला आलं होतं. दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बेसिनपाशी एक, बाकावर तिघी. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला चाललेली.

"यंदा तरी बाई कृती देणार का?" बाकावरून एकीनं विचारलं.

"त्या? छे!" औषधवाल्या वहिनी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. "मला म्हणाल्या, हाताला वळण लागतं, नुसत्या कृतीनं होत नाही. जणू आमचे हात म्हणजे लाकडाचे! आणि परवा मावशींना काय बोलल्या. मला तर बाई फार वाईट वाटलं."

ज्या डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या, त्यांनाच फार वाईट वाटलं होतं. पण मावशीला त्या घटकेला ते गोडच लागलं. तिच्या हातात कंगवा होता. तो आपोआप वर उचलला गेला आणि हवेत थांबला. आरशात सहा चेहरे तिच्याकडे वळले. दोन आठवड्यांच्या उपाशी बायका त्या, वास त्यांना बरोबर आला.

"तुम्हाला ठाऊक आहे का," मावशी हळू आवाजात म्हणाली, "तो केक..."

हेअर ड्रायर बंद झाला. खाली रस्त्यावरून गेलेल्या सायकलची घंटासुद्धा ऐकू आली. समोर तो क्षण उभा होता, पिकलेला, हात लावला की पडेल असा. आणि त्याच्या पलीकडे उद्या सकाळी डबा हातात घेऊन हॉलच्या दारातून आत येणाऱ्या मोठ्या बाई तिला दिसल्या. त्यांना अजून काही माहीत नाही, आणि सगळ्या बायका त्यांच्याकडे बघतायत. लेक त्या दिवशी अशीच साहेबांच्या खोलीत गेली असेल. सरळ, काही माहीत नसताना.

"तो केक काय?" वहिनींनी विचारलं.

"तो केक," मावशी म्हणाली, "मला फार आवडतो."

आणि तिनं कंगवा खाली आणला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "मावशींना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे," कुणीतरी पुटपुटलं. मावशी टॉवेल आणायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेली आणि शाम्पूच्या खोक्यावर बसली. आता आपल्याला काहीतरी पवित्र वाटेल, मन हलकं होईल, अशी तिची अपेक्षा होती. तसलं काही झालं नाही. नाकापर्यंत आलेली शिंक परत गेल्यावर वाटतं तसं वाटत होतं. "प्रभू," ती म्हणाली, "हे बघ, झालं एकदाचं. पण मजा नाही आली, हे मी तुला खरं सांगते."

रविवारी हॉल गच्च भरला होता. मावशी बाह्या सारून विसळायच्या टेबलापाशी उभी होती. लेकही आली होती. वर्धापनदिनाला ती दरवर्षी यायची, वडिलांशेजारी बसायची. मोठ्या बाई निळा डबा घेऊन आल्या, केक कापला गेला, आणि नेहमीप्रमाणे वाहवा सुरू झाली. पाळकसाहेबांनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्यासाठी चष्मा शोधायचं निमित्त करून टेबलाभोवती घुटमळले.

तेवढ्यात औषधवाल्या वहिनी खुर्चीवर चढल्या. "मंडळी, ऐका! यंदा आपण बाईंना सोडायचं नाही. हॉलच्या स्वयंपाकघरात ओव्हन आहे, मी संत्री, मैदा, लोणी, सगळं आणलंय. बाईंनी आत्ता, आपल्या सगळ्यांसमोर केक करून दाखवायचा!"

टाळ्या वाजल्या. "हो, हो, करून दाखवा!" मुलं टेबलावर चमचे आपटायला लागली. मोठ्या बाई हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं. त्यांचा हात टेबलाची कड शोधत होता. सगळ्यांना वाटलं, बाई आढेवेढे घेतायत. एकट्या मावशीला कळलं की त्या घाबरल्यात. फळ्यापुढं उभ्या केलेल्या, पाढे न येणाऱ्या लहान मुलीसारख्या.

मावशीनं काही बोलायची गरज नव्हती. नुसतं उभं राहून बघितलं असतं, तरी बुधवारचं सगळं फिटलं असतं, आणि शपथही मोडली नसती. पण हातातली बशी तिनं खाली ठेवली होती आणि ती हॉलच्या मधोमध चालत निघाली होती. आपण का निघालोय हे तिला पोचेपर्यंत नीट समजलं नाही.

"बाईंना आधी चहाचा घोट तरी घेऊ द्या," ती मोठ्यांदा म्हणाली. "तोवर मी तुम्हाला एक बातमी सांगते."

मुलांचे चमचेसुद्धा थांबले. रेडिओ सुरू झाला! लोक खुर्च्या ओढत पुढे सरकले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आमच्या घरी लग्नाचा फोटो का नाही, हे तुम्ही मला कितीदा विचारलंय," मावशी म्हणाली. "मी दर वेळी सांगते, पाण्यात भिजला. भिजला नाही. मीच लपवलाय. केसांचं शिक्षण मी तेव्हा नुकतंच घेतलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हटलं, आपलेच केस आपणच रंगवू. दाट तपकिरी होतील असं बाटलीवर लिहिलं होतं. अर्ध्या तासानं धुतले, आरशात बघितलं, तर केस..." कंगवा नव्हता, म्हणून तिनं हातातलं फडकंच हवेत धरलं. "हिरवे. थोडेथोडके नाहीत. पालकाच्या जुडीसारखे."

हॉलमध्ये हशा फुटला.

"तीनदा धुतले, तर आणखी ताजे दिसायला लागले. माझ्या आईनं दुहेरी जाळीचा पदर टाचला, वर फुलांचा टोप बसवला. जुने पाळकसाहेब म्हणाले, आता नवरीचा पदर वर करा. आणि ह्यांनी," तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं, "ह्यांनी तो इतकुसाच वर केला, आत बघितलं, आणि परत खाली सोडला."

"मग?" दहा जणांनी एकदम विचारलं.

"मग हे हळूच म्हणाले, 'मला हिरवा रंग आवडतो.' आणि तीस वर्षं या माणसानं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. माझा धंदा हा असा, केसांचा. कळलं असतं तर एक तरी बाई पायऱ्या चढून आली असती का?"

लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. पाळकसाहेबांचा चष्मा हसता हसता त्यांच्याच खिशातून पडला. नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या शेजारी लेक पोट धरून हसत होती आणि मधूनच आईकडे अशी बघत होती, जशी वर्षभरात बघितली नव्हती. फोटो दाखवा, फोटो दाखवा, असा गलका झाला. कुणीतरी नवऱ्याला उचलून पुढे आणलं. संत्री आणि मैदा पिशवीतच राहिले.

पार्लरला सोमवारी सुट्टी असायची. मावशी खिडकीच्या काचा पुसत होती, तेव्हा जिन्यावर सावकाश पावलं वाजली. मोठ्या बाई आत आल्या आणि खुर्चीवर न बसता बाकावर बसल्या.

"काल सकाळी बेकरीवाला म्हणाला, गुरुवारी एक बाई केककडे फार बघत होत्या. कात्र्यांची पिशवी होती म्हणाला." बाईंचा आवाज शाळेतल्यासारखा ताठ होता. "तुम्हाला गुरुवारपासून माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"शनिवारी बोलणार होते," मावशी म्हणाली. तिला खोटं मोठेपण नको होतं. "अगदी ओठांवर आलं होतं, बाई. सहा जणी ऐकायला होत्या. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक."

बाईंनी पर्सचा बंद दोनदा उघडला, दोनदा लावला. मग म्हणाल्या, "केक मी कधीच केला नाही. हे करायचे."

मोठ्या बाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले होते. गणिताचे शिक्षक, बुटके, कुठल्याही कार्यक्रमात भिंतीला टेकून उभे असलेले. ते प्रयोगशाळेतल्या तराजूवर मैदा मोजायचे म्हणे. पहिल्या वर्षी कुणीतरी बाईंनाच शाबासकी दिली, आणि ते कोपऱ्यातून मान हलवून हसले, की असू दे, तूच घे. त्यांना त्याची फार मजा वाटायची. दरवर्षी घरी जाताना विचारायचे, काय मग, आज किती जणांनी कौतुक केलं तुझ्या हाताचं?

"ते गेल्यावर मी करून बघितला. चार वेळा. चारही वेळा बसला. आणि चहापानाच्या आधी सगळे विचारायला लागले, बाई, केक येणार ना? मला नाही म्हणता आलं नाही. आणि एकदा खोटं सुरू केल्यावर..." त्या थांबल्या. "माणसाला वाहवा आवडते हो. मी मुलांना इतकी वर्षं खरं बोला म्हणून शिकवलं. त्या टाळ्या पाच मिनिटं असायच्या आणि मग वर्षभर मला प्रार्थनेला बसलं की तो डबा दिसायचा."

मावशी फडकं बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बाकावर बसली. तिनं बाईंचा हात धरला. बाईंनी तो काढून घेतला नाही.

"बुधवारी मी तुम्हाला बोलले ते वाईट बोलले," बाई म्हणाल्या.

"खोटं नव्हतं ते," मावशी म्हणाली. "फक्त दहा दिवस शिळं होतं."

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्या हसल्या. त्यांना असं हसताना मावशीनं पूर्वी कधीच बघितलं नव्हतं. दात दिसत होते.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मोठ्या बाई उठून पुढे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. पाठ ताठ, शब्द मोजके. केक यजमानांचा होता, गेली तीन वर्षं बेकरीचा होता, आणि मी तुमची क्षमा मागते. "एकीला हे माहीत होतं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मला खाली पाहायला लावणं तिच्या हातात होतं. त्याऐवजी तिनं स्वतःचे हिरवे केस तुमच्यापुढे ठेवले." मग मागच्या बाकावरचे एक आजोबा, बाईंचेच विद्यार्थी, गुंडी लावत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सर केक फार छान करायचे." त्यावर टाळ्या वाजल्या, आणि बाईंनी पहिल्यांदाच चष्मा काढून डोळे पुसले. औषधवाल्या वहिनी मात्र शेजारणीला म्हणाल्या, मला आधीपासूनच संशय होता.

लेकीला हे वडिलांकडून कळलं. त्या शुक्रवारी फोन आला, तेव्हा ढगांचा विषय निघालाच नाही. लेक म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय. अजून बाबांनाही बोलले नाही." आणि तिनं सांगितलं. मावशी भिंतीला टेकून ऐकत राहिली. लेकीनं काय सांगितलं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, त्यामुळे ते आपल्यालाही कळायला मार्ग नाही. एवढं मात्र खरं, की त्या संध्याकाळी तिनं प्रार्थनेत काहीच मागितलं नाही. नुसती बसून राहिली, आणि ते बसणं तिला फार आवडलं.

पार्लर काही ओस पडलं नाही. बातम्या बंद झाल्यावर दोनतीन जणी दुसरीकडे गेल्या. पण ज्या राहिल्या, त्या बेसिनमध्ये मान टाकून आता वेगळंच बोलायला लागल्या. जे पूर्वी कुणी रेडिओपाशी बोललंच नसतं, ते. मावशी ऐकायची, पाणी कोमट आहे ना बघायची, आणि एखादीचं फार जड असलं तर केस पुसता पुसता तिच्यासाठी मनात दोन शब्द बोलायची. नाव मात्र बदललं नाही. नवरा म्हणाला, राहू दे, बंद असला तरी रेडिओ तो रेडिओच.

पुढे एका सोमवारी मोठ्या बाईंनी तिला घरी बोलावलं. ओट्यावर सरांची वही उघडून ठेवली होती, बारीक, रेघ मारल्यासारखं अक्षर. शेजारी तो तराजू. बाई वाचायच्या आणि मावशी करायची. मैदा इतका, लोणी इतकं, अंडी एका वेळी एकच. संत्र्याची साल किसताना मावशीनं बोट किसलं आणि त्यावर सरांनी काय लिहिलंय ते बघा म्हणाली. सरांनी लिहिलं होतं, 'साल किसताना बोलू नये.'

"हे तुम्ही आत्ता घातलंत," मावशी म्हणाली.

"अक्षर बघा!" बाईंनी वही पुढे केली. खरंच सरांचंच अक्षर होतं.

वहीत आणखी एक सूचना होती, ओव्हनचं दार मध्ये उघडू नये. मावशीनं ते तीनदा उघडलं. तिला राहवेना, आत काय चाललंय ते बघायला नको? पंचवीस मिनिटांनी केक बाहेर आला तेव्हा मध्ये वाटीएवढा खड्डा होता, आणि एक बाजू मात्र कुणी न सांगता करपली होती.

"बसला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बसू दे की," मावशी म्हणाली. "आपणही बसू."

तिनं खुर्च्या ओढल्या, खड्ड्यात दोन चमचे रोवले, आणि दोघींनी डोकं वाकवून त्या गरम, वाकड्या केकसाठी देवाचे आभार मानले. मग बाई सरांच्या गमती सांगायला लागल्या, एकामागून एक, आणि केक संपला तरी त्यांच्या गमती संपेनात.